धुक्यातली बस आणि तांडेलांचा चहा

गेली कित्येक वर्षं मी रोज संध्याकाळी दुसऱ्या एका माणसाच्या वाटणीचा चहा पीत होतो. त्या माणसाची हरकत नव्हती, किंवा असली तरी ती त्याने कळवली नव्हती. चहा भयंकर गोड असायचा आणि त्यात आलं इतकं, की घशातून उतरताना तो पायऱ्या मोजत उतरतोय असं वाटे. मला स्वतःला अर्धा चमचा साखर पुरते. पण दुसऱ्याच्या चहात आपली चव शोधणाऱ्यांपैकी मी नव्हे.

हे सगळं चालायचं आमच्या शेजारच्या वहिनींच्या पडवीत. वहिनी नात्याने कुणी नव्हेत. त्यांच्या यजमानांना मी दादा म्हणायचो, म्हणून त्या वहिनी आणि मी त्यांचा भावजी. दादा मासेमारीच्या बोटीवर तांडेल होते. तांडेल म्हणजे ज्याच्या शब्दावर बोट चालते तो माणूस. एका सकाळी बोट बंदरात परत आली. जाळी आली, मासळी आली, झाडून सगळे खलाशी आले. तांडेल आले नाहीत. वादळ नव्हतं, भांडण नव्हतं, त्या दिवशी समुद्र परातीतल्या पाण्यासारखा स्वस्थ होता. खलाशांनी एवढंच सांगितलं, की तांडेल मागच्या बाजूला चहाचा पेला घेऊन बसले होते. थोड्या वेळाने कुणी तरी हाक मारली तर पेला जागेवर होता. त्यात चहा होता. चहावर वाफही होती म्हणे.

शोध झाला, जबाब झाले, किनाऱ्यावरच्या गावागावांतून निरोप गेले. काही हाती लागलं नाही.

वहिनींनी मंगळसूत्र काढलं नाही. दादांचा फोटो भिंतीवर लावला, पण त्याला हार घातला नाही. रोज संध्याकाळी त्या दोन कप चहा करायच्या. एक स्वतःचा. दुसरा पडवीच्या कठड्यावर, समुद्राच्या बाजूला. मी एकदा सहज टेकलो होतो, तर त्या कपाकडे बघून म्हणाल्या, "भावजी, घ्या तुम्ही. गार झाला की टाकायचा म्हणजे जिवावर येतं."

मी घेतला. हौशी रंगभूमीवर उभा जन्म काढलेला माणूस मी. मूळ नट आला नाही की ऐन वेळी मिशी चिकटवून उभा राहणारा बदली नट. मूळ नट गेला कुठे, हे बदली नटाने विचारायचं नसतं. त्याने फक्त त्याचे कपडे घालायचे आणि त्याच्या जागेवर बसायचं.

मग ती मालिका आली.

वहिनींच्या मुंबईतल्या मुलाने त्यांच्या पडवीत भिंतभर टीव्ही लावून दिला होता. त्यामुळे संध्याकाळच्या चहाला आलेलो आम्ही, म्हणजे मी आणि माझी बायको, रात्रीच्या जेवणापर्यंत तिथेच असायचो. मालिकेची गोष्ट अशी: एक एसटी घाटात शिरते, धुकं येतं, आणि बस बाहेर पडते ती भलत्याच एका गावात. गावात सगळं आहे. धर्मशाळा आहे, हॉटेल आहे, बसथांबा आहे. फक्त परतीची बस नाही. प्रवासी वाट बघतात, भांडतात, हळूहळू तिथेच राहायला लागतात. अधूनमधून धुक्यात हॉर्न वाजतो, एखाद्याच प्रवाशासाठी बस येते, आणि तो चढून निघून जातो. कुठे, ते दाखवत नाहीत.

आता असं काही दिसल्यावर मी गप्प बसेन, असं कुणाला वाटत असेल तर त्याने मला पाहिलेलं नाही. तिसऱ्याच आठवड्यात जाहिराती लागल्या तसा मी उठून टीव्हीसमोर उभा राहिलो आणि हात पसरून म्हणालो, "मंडळी! ही बस पहिल्याच दिवशी दरीत गेलेली आहे. ही सगळी माणसं मेलेली आहेत, आणि हे त्यांना ठाऊक नाही!"

"अहो, बाजूला व्हा," बायको म्हणाली. "साबणाची जाहिरात चांगली आहे ती."

"पुरावे ऐक. इतके दिवस झाले, एकाची तरी दाढी वाढली? गावात एक तरी कावळा दिसला? आणि सगळ्यात मोठा पुरावा, या लोकांनी एकदा तरी मासे खाल्ले?"

"म्हणजे मेलेलीच कशाला असतील? देशावरची असतील."

वहिनी हसल्या. मग हसता हसता थांबून म्हणाल्या, "पण भावजी, त्यांना तिकडे जेवण गरम मिळतं का हो?"

मला तेव्हा हा प्रश्न विनोदी वाटला.

मोबाइलवर या मालिकेच्या चाहत्यांचा एक ग्रुप होता. मी त्यात शिरलो आणि बघता बघता तिथला कीर्तनकार झालो. मंडणगडचा एक गृहस्थ म्हणायचा, की ते गाव म्हणजे यमाच्या कचेरीबाहेरचं बाकडं आहे, तिथे नंबर येईपर्यंत बसवून ठेवतात. कुणी म्हणे, प्रवासी जिवंत आहेत, मेलेलं आहे ते गाव. कुणी म्हणे, कंडक्टरच चित्रगुप्त. त्या कंडक्टरने कधी कुणाला सुटे परत दिले नव्हते, त्यामुळे मला ते पटत नव्हतं. तो मला अगदी हाडामांसाचा वाटायचा.

मालिकेत एक मास्तर होते. साठीचे, शांत, डोक्याला मफलर. ते रोज हॉटेलात चहा मागवायचे, वर्तमानपत्र उघडायचे, आणि ते खाली ठेवून बघतात तर कप रिकामा. पहिल्यांदा आम्हाला वाटलं, चूक झाली असेल चित्रीकरणात. पण एका संध्याकाळी मास्तरांनी तो रिकामा कप उचलला, आत डोकावून पाहिलं, आणि अगदी हळू म्हणाले, "माझा चहा रोज कुणी तरी पितंय."

त्या दिवशी चहाला उशीर झाला होता, म्हणून दादांचा कप नेमका तेव्हाच माझ्या ओठाला होता.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. कप खाली ठेवावा तर कबुली दिल्यासारखं, प्यावा तर निर्लज्जपणा. शेवटी मी प्यायलो, पण आलं घशाला असं लागलं, की पुढचा सगळा भाग मी खोकत काढला. खोकताना कठड्याकडे लक्ष गेलं. बाहेर काळोख पडला होता. कप ठेवून ठेवून तिथे एक गोल डाग पडला होता, आणि तो ओला होता. कपाचाच ओलावा, दुसरं काय असणार. तरी त्या दिवसापासून चहा घेताना मी कठड्याकडे पाठ करून बसायला लागलो.

मग एका संध्याकाळी वहिनींनी त्यांचा सिद्धांत मांडला. भाजी निवडता निवडता, मान वर न करता म्हणाल्या, "बस कुणाला मिळते ते मला कळलंय."

"कुणाला?"

"ती कॉलेजातली मुलगी गेली, त्याच्या आदल्या दिवशी तिच्या घरचं दाखवलं होतं. आईने फोटोला हार घातला. तो व्यापारी गेला, त्याच्या आधी त्याच्या मुलांनी हार घातला. घरच्यांनी हार घातला की तिकडे बस येते. मास्तरांची बायको हार घालत नाही. ती रोज त्यांचं ताट वाढते. म्हणून मास्तर तिथेच बसलेत."

मी टाळीच वाजवली. मागचे सगळे भाग मनात उलगडून पाहिले. एकही अपवाद नव्हता! ग्रुपमधल्या अर्ध्या महाराष्ट्राच्या नाकावर टिच्चून आमच्या पडवीतल्या बाईने कुलूप उघडलं होतं. मी तिथेच बसून ते लिहिलं, आणि उत्तरं येऊ लागली तसा ती मोठमोठ्याने वाचून दाखवू लागलो. वाहवा, नमस्कार, हात जोडलेले. मंडणगडवाल्याने बाकड्याचा सिद्धांत मागे घेतला.

"अहो," बायको हलक्या आवाजात म्हणाली, "पुरे आता."

मी वहिनींकडे पाहिलं. त्या भिंतीवरच्या फोटोकडे बघत होत्या. हार नसलेल्या.

"म्हणजे मी अडकवून ठेवलंय त्यांना," त्या म्हणाल्या.

"वहिनी, मालिका आहे ती. चार टाळकी बसून लिहितात मुंबईत."

"ते झालंच हो. पण त्या बाईला सांगणार कोण, की तुझ्या वाढलेल्या ताटापायी माणूस थांब्यावर बसलाय?"

तेवढ्यात ग्रुपवर खेडच्या एका बाईंचा प्रश्न आला, आणि तो मी वाचून दाखवायला नको होता. पण वाचायला लागलो की मला थांबता येत नाही. "बस मिळाली म्हणजे सुटका झाली, हे कशावरून? बस पुढे कुठे जाते ते कुणी पाहिलंय?"

जाहिराती संपल्या आणि मालिका पुन्हा सुरू झाली, तरी कुणी तिकडे पाहत नव्हतं.

नेमकं त्याच महिन्यात वहिनींच्या मुलाचं लग्न ठरलं. मुलगा चांगला, आईला जपणारा. तो रविवारी आला आणि पडवीत माझ्यासमोरच म्हणाला, "आई, पत्रिका छापायला द्यायच्यात. बाबांच्या नावामागे काय लिहायचं ते सांग. श्री. की कै.?"

वहिनी पदराने कठडा पुसू लागल्या.

"श्री. लिहिलं तर लोक विचारतील कुठे आहेत. कै. लिहिलं तर..." त्याने फोटोकडे पाहिलं. "आणि लग्नाच्या विधींना कोण बसणार? तू बसायची म्हटलं तर बाबांना बोलवायला हवं. नाही तर काका-काकी बसतील. तू म्हणशील तसं. पण तूच म्हणायला हवं, आई. मी नाय म्हणणार."

तो गेल्यावर वहिनींनी नेहमीसारखे दोन कप केले. मी माझा, म्हणजे दादांचा, उचलला. त्या म्हणाल्या, "भावजी, उद्या माझ्याबरोबर गावी येता का? देवीला कौल लावायचाय."

दादांचं मूळ गाव पावसच्या पुढे. तिथल्या ग्रामदेवीला कौल लावतात, म्हणजे प्रश्न विचारतात. गुरव पाषाणाच्या दोन्ही बाजूंना फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. जमिनीचे, लग्नाचे, हरवलेल्या गुरांचे प्रश्न तिथे सुटतात. मला वाटलं, अखेर वहिनी विचारणार. मी धुतलेला सदरा घातला.

देवळात वहिनी, मी आणि गुरव, तिघंच. बाहेर पाऊस, आत समईचा उजेड. गुरवाने पाकळ्या लावल्या आणि म्हणाला, "हां, बोला. कुणाचा प्रश्न?"

वहिनींनी मला पुढे केलं. "तुम्ही घाला गाऱ्हाणं. तुमचा आवाज चांगला आहे." मग कानाशी येऊन म्हणाल्या, "मास्तरांचं विचारा."

"कुठल्या मास्तरांचं?"

"मालिकेतल्या."

मी पुष्कळ नाटकांत पुष्कळ संकटांतून निभावून नेलं आहे. पडदा मध्येच पडला आहे, तलवार मुठीतून निघून प्रेक्षकांत गेली आहे. पण साक्षात ग्रामदेवीसमोर टीव्हीवरच्या माणसाची चौकशी करायची पाळी माझ्यावर कधी आली नव्हती. मी वहिनींकडे पाहिलं. त्या थट्टा करत नव्हत्या. त्यांनी पदर दोन्ही मुठींत धरला होता.

मी हात जोडले आणि आवाज लावला. "हे आई महामाये! एक मास्तर आहेत..."

"होय महाराजा," गुरव म्हणाला.

"ते बसने निघाले ते घरी पोचले नाहीत..."

"होय महाराजा."

"त्यांची बायको रोज ताट वाढून वाट बघते. ते मास्तर आहेत की नाहीत, एवढंच सांग. असले तर उजवी दे, नसले तर डावी दे!"

गुरवाने माझ्याकडे तिरपं पाहिलं. "कुठल्या गावचे हे मास्तर?"

"घाटाच्या बाजूचे," मी म्हणालो. खोटं नव्हतं ते.

आम्ही पाकळ्यांकडे बघत बसलो. समईची वात तडतडली. छपरावर पाऊस वाढला, कमी झाला, पुन्हा वाढला. उजवी हलली नाही. डावी हलली नाही. गुरवाने पाणी शिंपडलं, पुन्हा गाऱ्हाणं घातलं. पाकळ्या दगडाला अशा बसल्या होत्या, जणू तिथेच उगवल्या असाव्यात. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मला पाठीमागे कुणी तरी उभं आहे असं वाटायला लागलं, आपलाही नंबर लागेल म्हणून थांबलेलं. मी वळून पाहिलं नाही. मला आजही त्या देवळाच्या दाराचं लाकूड कसलं आहे सांगता येणार नाही, कारण बाहेर पडतानासुद्धा मी खाली बघूनच पडलो.

"बाय," गुरव शेवटी वहिनींना म्हणाला, "देवी बोलत नाय. दुसऱ्याच्या नावाने विचारू नका. ज्याचं विचारायचं त्याचं सरळ विचारा."

वहिनी पाकळ्यांकडे बघत राहिल्या. दादांचं नाव त्यांच्या ओठांपर्यंत आलेलं मी पाहिलं. मग त्यांनी ओटीतला नारळ देवीपुढे ठेवला आणि म्हणाल्या, "नको. राहू दे."

परतीच्या एसटीत त्या खिडकीशी बसल्या होत्या. "भावजी," म्हणाल्या, "डावी पडली असती तर?"

मी काही तरी हसवणारं बोलायला तोंड उघडलं, आणि बाहेर बघितलं तर काचेपलीकडे सगळं धुकं. बसने हॉर्न दिला. मी तोंड मिटलं.

घरी बायको म्हणाली, "या हवेत पाकळी पडेल कशी? आमचे पापड नाय वाळत." बरोबरच होतं तिचं.

आणि मग मालिका संपली. संपली कसली, मारली. लोक बघेनासे झाले असावेत. एका संध्याकाळी मास्तर थांब्यावर बसलेले, धुकं दाट झालं, लांबून हॉर्न ऐकू आला, मास्तर मफलर सारखा करत उभे राहिले, आणि पडद्याच्या कोपऱ्यात अक्षरं उमटली: समाप्त. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला एक सून पायाने माप ओलांडत होती.

ग्रुपवर हाहाकार उडाला. मीही तीन परिच्छेदांचा शोकसंदेश लिहिला. पण वहिनी हसत होत्या. कितीतरी दिवसांनी, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"लिहिणाऱ्यांनाच ठाऊक नव्हतं हो, भावजी! बस कुठे जाते ते त्यांनाच ठाऊक नव्हतं!"

"नसणारच."

"आणि मी त्यांना विचारत बसले." त्यांनी डोळे पुसले. "देवी सांगेना, ते सांगेनात. आता माझ्याशिवाय कोण उरलंय?"

नारळी पौर्णिमेला आमच्याकडे किनारा फुलून जातो. होड्या सजतात, वाजतगाजत सगळे पाण्यावर जातात आणि दर्याला नारळ देतात. दादा गेल्यापासून वहिनी त्या दिवशी दार लावून घरात बसायच्या. यंदा दुपारी त्यांनी हाक मारली. हातात नारळ, आणि दुसऱ्या हातात थर्मास.

गर्दीपासून लांब, खाडीच्या तोंडाशी आम्ही गेलो. मी, बायको आणि त्या. ओहोटी लागली होती. वहिनी गुडघाभर पाण्यात उतरल्या, नारळ सोडला, आणि भांडायला उभं राहावं तशा कमरेवर हात ठेवून समुद्राकडे तोंड करून बोलायला लागल्या.

"अहो, ऐकलंत का? पोराचं लग्न ठरलंय. मुलगी चांगली आहे. जिथे कुठे बसला असाल तिथून उठा आता. इकडे यायचं तर या, पुढे जायचं तर जा. माझ्या कपापायी बसून राहू नका. मला ते बघवत नाय."

मग त्यांनी थर्मास उघडला. आल्याचा वास आला. घशाला आपसूक तयारी झाली माझ्या. मी अर्धं पाऊल पुढेही टाकलं असेल. वहिनींनी चहा पाण्यात ओतला. सगळा, शेवटच्या थेंबापर्यंत. त्या दिवशी बदली नट लागला नाही.

नारळ थोडा वेळ त्यांच्या पायांशीच घुटमळत होता. मग पाण्याने त्याला ओढून घेतलं. वहिनी तो दिसेनासा होईपर्यंत उभ्या होत्या. आम्ही त्यांना हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी नेहमीसारखा पडवीत जाऊन बसलो. आतून भांड्यांचा आवाज आला. मग वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात साखरेचा डबा होता, आणि चमचा.

"भावजी," त्यांनी विचारलं, "तुम्हाला साखर किती लागते?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला हे कधी विचारलं नव्हतं. माझं भाषण कधी अडत नाही. नाटकात दुसऱ्याची वाक्यंसुद्धा मला पाठ असतात. तेव्हा मात्र मला काही सुचेना. लग्नाची पत्रिका यायला अजून अवकाश होता, पण तिच्यावर दादांच्या नावामागे काय छापून येणार ते मला तिथेच कळलं.

"अर्धा चमचा," मी म्हणालो.

चहा अगदी मला हवा तसा झाला होता. आलं नावाला. मी दोन घोट घेतले, पुढचा काही केल्या उतरेना. वहिनी आत गेल्या तसा मी उठलो आणि उरलेला कप कठड्यावर नेऊन ठेवला. समुद्राच्या बाजूला, त्या गोल डागावर. वाफ येत होती.

वहिनी बाहेर आल्या. त्यांनी कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. कप उचलून आत नेला, आणि मोरीत तो विसळल्याचा आवाज मी बाहेर बसून ऐकला.